ई ड्राइव्हमधले धडे

पहिल्या दिवशी ई ड्राइव्ह उघडायला चार मिनिटं लागली. मी घड्याळ लावून मोजली. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात तेहेतीस वर्षं मी तपासनीस होतो. शाफ्टचा व्यास, भोकाची खोली, दोन भागांमधली फट हे मोजण्यात जन्म गेला, त्यामुळे एखादी गोष्ट बिघडली की आधी हात घड्याळाकडे नाहीतर मोजपट्टीकडे जातो. दुसऱ्या दिवशी नऊ मिनिटं लागली. तिसऱ्या दिवशी मी मोजणं सोडून दिलं. खिडकीच्या वरची ती हिरवी पट्टी अर्ध्यात येऊन थांबायची, बाण गोल गोल फिरत राहायचा आणि मी खुर्चीत बसून घामाघूम व्हायचो.

त्या ड्राइव्हमध्ये माझ्या बायकोचा आवाज होता.

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सायखेड्याच्या पुढे आत एक गाव आहे, तिथे तिने शेवटची अकरा वर्षं चौथीचा वर्ग घेतला. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाली तेव्हा तिने आमच्या गॅलरीत स्टुलावर फळा उभा केला, माझ्या हातात मोबाईल दिला आणि रोज एक धडा रेकॉर्ड करून पालकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवायला सुरुवात केली. असे एकसष्ट धडे झाले. पुढे ती निवृत्त झाली. मग गेल्या वर्षी, एका सकाळी दूध तापवताना, तिच्या हातातून सांडशी पडली. ती उचलायला वाकली ती उठलीच नाही.

पक्षाघात उजव्या बाजूला. पाय हळूहळू सुधारला, हात थोडा. बोलणं मात्र गेलं. तिला सगळं समजायचं. कोण आलं, कोण गेलं, भाजीत मीठ कमी आहे, सगळं. पण तोंडातून दोनच शब्द निघायचे, "बरं का." पाणी हवं असलं तरी "बरं का", पाय दुखला तरी "बरं का", माझा राग आला तरी तेच, फक्त जोरात. सुरुवातीला लोकांना हसू यायचं. नंतर लोक यायचे कमी झाले.

तिला बोलायला शिकवायला आठवड्यातून दोनदा एक स्पीच थेरपिस्ट घरी यायच्या. वयाने आमच्या मुलीएवढ्या. एकदा जाताना दारात चपला घालत त्यांनी विचारलं, "काका, मॅडमचा स्वतःचा आवाज कुठे रेकॉर्ड केलेला आहे का? शिकवतानाचा असला तर फारच छान. वर्षानुवर्षं जे तोंडात बसलेलं असतं ना, ते कधीकधी आधी परत येतं."

"आहे की," मी म्हणालो. "एकसष्ट धडे आहेत."

"मग लवकर लावा. खात्री देत नाही मी. पण हे पहिले काही महिने गेले की पुढे फार जड जातं."

त्या गेल्यावर मी लगेच कॉम्प्युटर लावला. आमच्या कॉम्प्युटरमध्ये तीन डिस्क. एक नवी, ज्यावर सगळं चालू होतं, ती मुलीने पुण्याहून आणून बसवून दिलेली. बाकी दोन जुन्या, मोठ्या. डीमध्ये घरातले फोटो आणि माझी कागदपत्रं, ईमध्ये तिचे धडे. कॉम्प्युटर झटकन सुरू झाला, पण डीवर क्लिक केलं तरी थांब, ईवर क्लिक केलं तर थांबच थांब. चार मिनिटांनी धड्यांचा फोल्डर दिसला. एक धडा उघडला, तर बायकोचं तोंड उघडं राहिलं आणि चित्र जागच्या जागी गोठलं. आवाज काही आला नाही. मी बंद केलं. माझ्या पाठीमागे पलंगावर ती बसली होती. तिने बघितलं होतं.

"बरं का?" ती म्हणाली.

"लागेल, लागेल," मी म्हणालो. "जरा स्लो झालंय."

कारखान्यात आमचा एक नियम होता. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळतं. मी वही घेतली आणि तसंच सुरू केलं. आधी मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, डिस्क झोपत असेल. वीस मिनिटं वापरली नाही की ती फिरायची थांबते, मग उठायला वेळ लागतो. सेटिंगमध्ये ते बंद करा." बंद केलं. फरक नाही. मग तिने सांगितलं की कॉम्प्युटर मागच्या मागे सगळ्या फायलींची यादी बनवत बसतो, तेही बंद करा. केलं. फरक नाही. व्हायरस तपासणारा प्रोग्राम काढून बघितला. व्हिडिओंची छोटी चित्रं दाखवणं बंद केलं. प्रत्येक वेळी पुन्हा सुरू करायचं, पुन्हा त्या हिरव्या पट्टीकडे बघत बसायचं. वहीत एकाखाली एक लिहीत गेलो, "फरक नाही". पाच-सहा दिवसांत दोन पानं भरली.

हे सगळं मी दुपारी करायचो, ती झोपलेली असताना. ती जागी असली की कॉम्प्युटरकडे बोट करायची आणि मला तिच्याकडे बघवायचं नाही. थेरपिस्ट आल्या की विचारायच्या, "काका, मिळाले का?" मी म्हणायचो, "पुढच्या वेळी नक्की." त्या चित्रं दाखवायच्या. कप, कुलूप, कंगवा. बायको प्रत्येक चित्राकडे नीट बघायची, ओठ हलवायची, कपाळावर आठ्या यायच्या आणि शेवटी "बरं का." मग ती मान खाली घालायची. जिने तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना बोलतं केलं तिने कुलपाच्या चित्रापुढे मान खाली घातलेली बघणं, हे मला दर खेपेला सहन करायचं होतं.

सातव्या दिवशी मी कॉम्प्युटरचा डबाच उघडला. धूळ पुसली, केबली काढून पुन्हा बसवल्या, एक नवी आणून घातली. फरक नाही. मग डीची केबल काढून ठेवली आणि सुरू केलं. ई तसाच. मग डी लावून ईची केबल काढली.

कॉम्प्युटर पळायला लागला. डी क्लिक करताक्षणी उघडला. लग्नाचे फोटो, मुलीचं बारसं, कारखान्यातली पिकनिक, सगळं पटापट डोळ्यासमोर. म्हणजे बाकी सगळं ठीक होतं. सेटिंग, केबल, प्रोग्राम, सगळं. आजारी होता तो ई. आणि त्याच्या एकट्याच्या अडण्यामुळे बाकीचं सगळं थांबून राहत होतं.

इथे मी थांबायला हवं होतं. मुलगी म्हणालीही, "बाबा, आता हात लावू नका, कोणालातरी दाखवा." पण मी तेहेतीस वर्षांचा तपासनीस. इंटरनेटवर वाचलं की कॉम्प्युटरमध्येच डिस्क तपासून दुरुस्त करायची आज्ञा असते. खराब जागा शोधते, त्यातलं वाचवता येईल ते वाचवते. "वाचवते" हा शब्द वाचला आणि मी ती आज्ञा दिली.

अकरा टक्क्यांपर्यंत दोन तासांत पोचली. मग अडकली. मी जेवलो, तिला भरवलं, औषध दिलं, अकराच. संध्याकाळी थेरपिस्ट येऊन गेल्या, अकराच. आणि मग डब्यातून आवाज यायला लागला. टक्. थोडं थांबून, टक्. कारखान्यात बेअरिंग जाताना जसा आवाज येतो तसा आणि तो आवाज मला चांगला ओळखता येतो. मी धावत जाऊन बटण दाबून मशीन बंद केलं. उरलेल्या चहाचं पातेलं गॅसवर तसंच होतं, ते करपलं. बायको भिंत धरून धरून स्वयंपाकघरात गेली आणि तिने डाव्या हाताने गॅस बंद केला. मी डब्यासमोर जमिनीवर बसून होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केलं तर ई दिसेचना. यादीत त्याचं नावच नाही.

त्या दिवशी मी काय काय केलं ते आठवलं की आता लाज वाटते. तिचा जुना मोबाईल शोधला. तो बदलून नवा घेतला होता हे माहीत असूनही दोन कपाटं उपसली. मग शेजारच्या वहिनींना तिच्याजवळ बसवलं आणि निमाणीच्या बसस्टँडवरून सायखेड्याची बस पकडली. पालकांच्या मोबाईलमध्ये धडे असतील, एवढी एकच आशा. गावात पोचलो तेव्हा ऊन टळटळीत. शाळेला सुट्टी होती. शाळेसमोरच्या घरातल्या एका बाईंना मी ओळखत होतो, त्यांच्या दोन्ही मुली बायकोच्या वर्गात होत्या.

"मॅडमचे व्हिडिओ?" त्या म्हणाल्या. "व्हते ना. लय दिवस व्हते. मग मोबाईल भरला, फोटो घ्यायला जागा नाय म्हणून आमच्या ह्यांनी सगळं काढून टाकलं. तवा काय म्हाईत." मग त्यांनी विचारलं, "मॅडम बऱ्या हायेत ना?"

मी सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग त्याच मला घरोघर घेऊन गेल्या. सात घरं झाली. कोणाचा मोबाईल पाण्यात पडला होता, कोणाचा फुटला होता, कोणी नवा घेतला होता. एका घरात व्हॉट्सॲपवर धडा दिसत होता, त्याचं छोटं धुरकट चित्रही होतं, तिची निळी साडी ओळखू येत होती, पण दाबलं की येत होतं, ही फाईल आता उपलब्ध नाही. त्या घरातल्या आजोबांनी तीन-तीनदा दाबून बघितलं. "येत नाय वो सर," ते म्हणाले, जणू त्यांचीच चूक होती. येताना त्यांनी मला पिशवीभर टोमॅटो दिले. बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन मी खिडकीकडे तोंड करून बसलो, कारण शेजारच्या माणसाला माझं तोंड दिसू नये असं वाटत होतं.

मुलीनेच मग चौकशी करून एक पत्ता दिला. सातपूरलाच, एका वर्कशॉपच्या वर, एका खोलीत एक बाई बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देतात. चाळिशीच्या असतील. आधी त्या आयटीआयमध्ये शिकवायच्या. मी डिस्क फडक्यात गुंडाळून, स्कूटरच्या डिकीत न ठेवता पोटाशी धरून, रिक्षाने गेलो. त्यांनी ती हातात घेतली, कानाशी नेली, हळूच फिरवून बघितली.

"काय काय केलंत काका?"

मी वही पुढे केली. त्यांनी सगळं वाचलं. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हा दुरुस्तीचा स्कॅन किती वेळ चालला?"

"जवळजवळ दहा तास."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "डिस्क स्लो झाली, की आधी त्यातलं जे वाचतंय ते बाहेर काढायचं असतं. दुरुस्ती नंतर. ज्या जागा तिला वाचता येत नाहीत तिथे तुम्ही तिला दहा तास घासत ठेवलंत."

"माझ्या लक्षात आलं नाही ताई."

"कोणाच्याच येत नाही. दुसरी कॉपी आहे का याची?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. धडे रेकॉर्ड होत होते तेव्हाच बायको म्हणाली होती, "अहो, याची अजून एक कॉपी कुठेतरी ठेवून द्या ना." एकदा नाही, चार-पाच वेळा. मी दर वेळी "करतो" म्हणालो. तासाभराचं काम. केलं नाही. त्या खोलीत, अनोळखी बाईसमोर, मी सांगितलं की बायकोने सांगितलं होतं, मी केलं नाही आणि आता ती बोलू शकत नाही. मला रडू आवरेना. त्या उठल्या, पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि माझ्याकडे न बघता डिस्क साफ करायला लागल्या. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

"मी हिची एकेक जागा वाचून नव्या डिस्कवर उतरवते," त्या म्हणाल्या. "जिथे अडेल तिथे थांबायचं नाही, सोडून पुढे जायचं. सोडलेल्या जागा शेवटी बघायच्या. दिवस लागतील. फोन करू नका, मीच करेन."

पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत मी कॉम्प्युटरकडे गेलो नाही. थेरपिस्टना खरं सांगून टाकलं. बायकोला मात्र सांगायचं धैर्य झालं नाही. ती रिकाम्या उघड्या डब्याकडे बघायची, मग माझ्याकडे. एकदा तिने डाव्या हाताने माझी बाही धरली आणि "बरं का, बरं का, बरं का" म्हणत राहिली, तिला नक्की काहीतरी विचारायचं होतं, आणि मी "हो, हो" म्हणत राहिलो. तिने हात सोडला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. आमच्या पस्तीस वर्षांच्या संसारात इतकी एकटी ती कधी झाली नसेल. मीही.

सहाव्या दिवशी फोन आला. अडतीस धडे पूर्ण निघाले. नऊ अर्धवट, कुठे चित्र तुटलेलं, कुठे आवाज. चौदा गेले.

नवी डिस्क लावली. फोल्डर उघडायला वेळच लागला नाही. मी तिला समोर खुर्चीत बसवलं आणि पहिला धडा लावला. पडद्यावर ती उभी राहिली, निळी साडी, हातात खडू, "नमस्कार मुलांनो" म्हणाली, खणखणीत. खुर्चीतल्या माझ्या बायकोने अर्धा मिनिट ते बघितलं. मग तिच्या घशातून असा आवाज आला की मी घाबरलो. ती रडत होती आणि डाव्या हाताने पडद्यावर मारत होती, बंद करा, बंद करा म्हणून. कीबोर्ड खाली पडला. मी बंद केलं. एवढ्यासाठी केलं होतं का हे सगळं, असं वाटून गेलं. मी तिची बोलती, चालती मूर्ती तिच्यापुढे आणून उभी केली होती आणि सांगत होतो, बघ, तू अशी होतीस.

दोन दिवस तिने मला जवळ येऊ दिलं नाही. औषधसुद्धा वहिनींच्या हातून घेतलं.

थेरपिस्टना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चूक माझीच, मी आधी सांगायला हवं होतं. चेहरा दाखवू नका. नुसता आवाज लावा, हळू, घरात रेडिओ चालू असतो तसा. आणि मॅडमना म्हणायला लावू नका. तुम्ही म्हणा. तुम्ही वर्गात बसा."

मग आमचा वर्ग सुरू झाला. दुपारी चारला मी पडदा बंद करून आवाज लावायचो आणि ती पलंगावर, मी खाली चटईवर. ती फार शांतपणे शिकवायची, हे मला तेव्हा मोबाईल धरताना कळलं नव्हतं. प्रश्न विचारला की ती थांबायची. समोर एकही मूल नसताना चार-पाच सेकंद थांबायची, उत्तर द्यायला वेळ द्यायची, मग "शाब्बास" म्हणायची. त्या थांबण्यात मी उत्तरं द्यायचो. पाण्याचा नळ उघडा ठेवायचा का? नाही बाई. आपला जिल्हा कोणता? नाशिक. पलंगावरची ती माझ्याकडे बघायचीही नाही. असे बारा-तेरा दिवस गेले. मी ठरवलं होतं, महिना पुरा करायचा आणि मग सोडून द्यायचं.

त्या दिवशी पाढ्यांचा धडा होता. तेराचा पाढा. ती अर्धं म्हणायची आणि थांबायची, पुढचं मुलांनी म्हणायचं.

"तेरा पंचे?"

"पासष्ट," मी म्हणालो.

"तेरा सक?"

"अठ्ठ्याहत्तर."

"तेरा सत्ते?"

माझं लक्ष नव्हतं. गॅसवर कुकर होता, किती शिट्ट्या झाल्या ते आठवत होतो. "एकोणनव्वद," मी म्हणालो.

"नाही."

आवाज पलंगावरून आला. मी मागे वळलो. तिच्या कपाळावर आठ्या होत्या, वर्गात चुकलेल्या पोराकडे बघावं तसं ती माझ्याकडे बघत होती. रेकॉर्डिंग पुढे चाललं होतं, शाब्बास वगैरे. तिचे ओठ हलत होते.

"एक," ती म्हणाली. "एक्या. एक्या…" डोळे मिटले, मूठ आवळली. "एक्याण्णव."

कुकर शिट्ट्या देत होता आणि मी तिच्या पायाशी बसून मान हलवत होतो, हो, एक्याण्णव, एक्याण्णव. तिला माझा रागच आला होता, इतका सोपा पाढा चुकतो म्हणून.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा नुसतं "बरं का". मी मुद्दाम चुका करून बघितल्या, तर तिने ओळखलं आणि तोंड फिरवलं. पण आठवड्यात कधीतरी एखादा आकडा यायचा. आधी आकडे आले, मग वार, मग महिने. चहात किती साखर म्हटलं की "दोन" यायचं, कधी दोनाऐवजी सात. गेलेल्या चौदा धड्यांबद्दल मी तिला एके दिवशी सांगून टाकलं. कॉपी केली नाही हेही सांगितलं. तिने बराच वेळ ऐकलं. मग पलीकडे ठेवलेली मटाराची परात तिने जवळ ओढली आणि डाव्या हाताने सोलायला लागली, मला माफ केलं की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

त्या पाढ्याला आता दहा महिने झाले. मोजले तर चाळीसेक शब्द असतील, पण वाक्य होत नाही. थेरपिस्ट म्हणतात, यापुढे किती होईल सांगता येत नाही. मुलगी फोनवर बोलते तेव्हा बायकोच्या हाताला घाम सुटतो, शब्द शोधताना. काही दिवस असे येतात की ती पूर्ण दिवस तोंडच उघडत नाही आणि मला वाटतं की जे आलं होतं तेही गेलं.

परवा दुपारी मी भाजी निवडत होतो. पंखा हळू झाला आणि थांबला. तिने वर बघितलं, मग माझ्याकडे.

"लाईट गेली," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "गेली."